मॉब : ऑनलाइन भूमिका-खेळांतील शत्रुपात्राचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

व्हिडिओ गेम या माध्यमाचा विचार आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांतून बहुधा दोनच अंगांनी होतो. विद्यार्थ्यांचा वाया जाणारा वेळ हे एक आणि खेळातील हिंसा हे दुसरे. हे दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. परंतु हिंसेची चर्चा करताना खेळाडू मारतो तो नेमके कोणाला, त्या मारल्या जाणाऱ्याचे त्या कथनात स्थान कोणते, हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल. पदवीसाठी लोककथांतील असुरपात्रांचा अभ्यास केला होता. त्या आधारे पदव्युत्तर वर्गावर व्लादिमीर प्रॉप यांची कथामीमांसा शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्या गेममधला व्हिलन मेला तरी पाच मिनिटांनी परत तिथेच उभा असतो. त्याला या तक्त्यात कुठं बसवायचं?” वर्ग हसला. उत्तर मला देता आले नाही. प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांचे विश्लेषण करून ३१ कार्ये आणि सात कार्यक्षेत्रे निश्चित केली. त्यांत खलपात्राला स्वतंत्र कार्यक्षेत्र आहे. खलपात्राच्या कृत्याने कथेला गती मिळते आणि त्याच्या पराभवाने ती समाप्तीकडे वळते. ज्याचा पराभव कधी पूर्णच होत नाही अशा खलपात्राची सोय त्या मांडणीत नाही. पुढे काही महिने मी स्वतः तो खेळ खेळलो. प्रस्तुत लेखन त्या अनुभवातून आणि त्यानंतरच्या वाचनातून झाले आहे.

संज्ञेचा उगम

बहुसंख्य खेळाडू एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात अशा ऑनलाइन भूमिका-खेळांत संगणक ज्यांना चालवितो अशा प्राण्यांना व शत्रूंना खेळाडू ‘मॉब’ म्हणतात. हा शब्द जमाव या अर्थाचा असावा असे ऐकणाऱ्याला वाटते आणि अनेक खेळाडूही तसेच समजतात. वस्तुतः तो ‘मोबाइल’ या शब्दाचे लघुरूप होय. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ‘मड’ हा केवळ शब्दांतून खेळावयाचा खेळ लिहावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे विकसित केला. त्या खेळात बहुतेक वस्तू एका जागी पडून असत. ज्या आपण होऊन हलत त्या ‘मोबाइल’. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नामकरण करताना या जीवांना राक्षस, पशू वा शत्रू म्हटले गेले नाही. खुर्ची, दिवा, तलवार यांच्याच यादीतील, फक्त हलणारी वस्तू, अशी त्यांची पहिली ओळख आहे. आजचा मॉब दिसावयास कितीही भयंकर असला तरी ही मूळ ओळख त्याला सुटलेली नाही, असे माझे मत आहे.

मूर्खपणाचे प्रयोजन

ब्लिझार्ड एन्टरटेनमेंट या कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील मॉबचे वर्तन पाहिले असता प्रथम हसू येते. प्रत्येक मॉबभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. खेळाडूने त्यात पाऊल टाकले की तो अंगावर धावून येतो. खेळाडूची लेव्हल त्याच्याहून जितकी अधिक तितके ते वर्तुळ आक्रसत जाते. वर्तुळाच्या बाहेर, हाकेच्या अंतरावर, त्याचा सोबती मारला जात असला तरी तो स्तब्ध उभा असतो. कोणी किती इजा केली, कोणी कोणाला बरे केले याचा हिशेब तो ठेवतो आणि ज्याच्या नावावर सर्वांत मोठा आकडा असेल त्याच्यावर तुटून पडतो. ‘टँक’ म्हणविणाऱ्या खेळाडूचे सारे कौशल्य हा आकडा आपल्या नावावर ठेवण्यात असते. तोवर त्याच्यामागे उभा राहून जखमा भरून काढणारा दुबळा ‘हीलर’ सुरक्षित राहतो. हीलरला आधी मारावे हे लहान मुलालाही सुचेल. मॉबला सुचत नाही. पाठलाग करता करता तो आपल्या जागेपासून फार दूर आला, तर एकाएकी परत फिरतो आणि त्याच्या साऱ्या जखमा भरून येतात.

हे पाहून तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो मला मान्य नाही. बुद्धिमान शत्रू तयार करणे अवघड असेल, पण येथे तो कोणाला नकोच आहे. मॉबचा मूर्खपणा हे खेळाडूशी केलेले सौजन्य आहे. कचेरीतून दमून आलेल्या पाच अनोळखी माणसांना रात्री तासभर एकमेकांच्या साहाय्याने काही साध्य करता यावे, यासाठी शत्रूने आपले डावपेच आधीच उघड करून ठेवलेले असतात.

तीन प्रसंग

मॉबला याहून अधिक काही करण्याचे, वा तो अकल्पितपणे तसा होण्याचे, तीन प्रसंग या खेळांच्या इतिहासात नोंदले गेले आहेत.

पहिला ‘अल्टिमा ऑनलाइन’ या १९९७ च्या खेळातील. रिचर्ड गॅरियट यांच्या ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेत राफ कोस्टर प्रभृती रचनाकारांनी त्यात एक कृत्रिम निसर्गसाखळी योजिली होती. गवतावर जगणारे प्राणी, त्यांच्यावर जगणारे हिंस्र प्राणी, आणि भक्ष्य कमी झाल्यास बदलणारे त्यांचे वर्तन, अशी ही कल्पना. म्हणजे लांडग्याने खेळाडूवर का धावून यावे याला लांडग्याच्या बाजूचे कारण असणार होते. प्रत्यक्षात हजारो खेळाडू त्या जगात शिरले आणि जे जे हलताना दिसले ते ते त्यांनी मारले. साखळी उभी राहण्यापूर्वीच तुटली. ती बिघडली हेही बहुतेकांच्या लक्षात आले नाही आणि अखेर ती काढून टाकण्यात आली.

दुसरा प्रसंग १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मधील. त्यात केराफिर्म नावाचा निद्रिस्त ड्रॅगन होता. चार रक्षक मारले गेले की तो प्रत्येक सर्व्हरवर एकदाच जागा होणार, संहार करीत निघून जाणार आणि पुन्हा कधी दिसणार नाही, अशी योजना होती. तो मरेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये रॅलोस झेक या सर्व्हरवर सुमारे दोनशे खेळाडू एकत्र आले आणि काही तास झुंजून त्यांनी त्याला मरणाच्या उंबरठ्यावर आणले. अशा वेळी कंपनीने त्याला अदृश्य केले. खेळाडूंचा संताप पाहून कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. दोनच दिवसांनी पुन्हा संधी मिळाली आणि ड्रॅगन मारला गेला. एकदाच घडणाऱ्या मरणाला किती किंमत असते हे या प्रसंगातून दिसते. तसे मरण देताना निर्मात्यांचाही हात क्षणभर अडखळला.

तिसरा प्रसंग सर्वाधिक चर्चिला गेला. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये झुल’गुरुब हे नवे स्थळ सुरू झाले. तेथील हक्कार या मॉबच्या शापाने खेळाडूला रक्तदोष जडे आणि तो जवळच्यांना लागे. तो त्या स्थळापुरताच राहावा असा हेतू होता. पण शिकारी खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना तो जडला, ते प्राणी नगरात पुन्हा बोलाविले गेले आणि रोग रस्त्यारस्त्यांतून पसरला. दुबळ्या लेव्हलचे खेळाडू पाहता पाहता मेले. दुकानदार वगैरे संगणकीय पात्रे मात्र न मरता रोगाची वाहक बनली. या घटनेवर २००७ मध्ये रॅन बॅलिसर यांनी, तसेच एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन यांनी साथरोगशास्त्राच्या दृष्टीने लेखन केले. साथरोगतज्ज्ञांनी खेळाडूंचे वर्तन पाहिले ते योग्यच. मला मात्र यात मॉबचे वर्तन महत्त्वाचे वाटते. त्याच्या कृतीचा परिणाम त्याच्या वर्तुळाबाहेर गेला, असे येथे एकदा घडले. महिन्याभरात ती वाट बुजविण्यात आली.

गवंड्यांचे बंड

तथापि या खेळाचे खरे वाङ्मयीन मोजमाप अशा गाजलेल्या प्रसंगांवरून होऊ नये. ते नवख्या खेळाडूला पहिल्या काही दिवसांत भेटणाऱ्या साध्या मॉबवरून व्हावे. त्या दृष्टीने वेस्टफॉल या प्रदेशातील डेफियास ब्रदरहुड ही टोळी मी निवडतो.

ओसाड शेते, रिकामी घरे आणि लाल रुमालाने तोंड झाकलेले दरोडेखोर असे वेस्टफॉलचे दृश्य आहे. पीपल्स मिलिशिया ही शेतकऱ्यांची सेना चालविणारा ग्रायन स्टाउटमँटल खेळाडूला क्वेस्ट देतो : इतके दरोडेखोर मारून या. आणखी एक जण मेलेल्यांचे लाल रुमाल आणावयास सांगतो. हळूहळू पूर्वकथा कळते. युद्धात उद्ध्वस्त झालेले स्टॉर्मविंड नगर ज्या गवंडी-पाथरवटांनी पुन्हा उभे केले, त्यांची मजुरी सरदारांनी बुडविली. त्यातून दंगल झाली, दंगलीत राणी मारली गेली आणि कारागीर परागंदा झाले. त्यांचा म्होरक्या एडविन व्हॅनक्लीफ हाच आता या टोळीचा नायक आहे. ज्या शुभ्र नगराच्या कमानींखालून खेळाडू ऐटीत ये-जा करतो, त्या कमानी याच माणसांनी रचल्या आहेत.

ही उत्तम कथावस्तू आहे. मजुरी बुडालेल्या कारागिराचे दरोडेखोर होणे समजावयास आपल्या वाचकाला टिपेची गरज नाही. पण खेळाची यंत्रणा या कथेचे काय करते? एक बारकावा पाहावा. डेफियासचा माणूस मरणाला टेकला की तो भीतीने पळून जाऊ पाहत असल्याची ओळ पडद्यावर उमटते आणि तो खरोखरच पळू लागतो. या एका क्षणी मॉब माणूस होतो. तथापि खेळाडू शिकतो ते एवढेच की, पळणारा दुसऱ्या टोळक्याच्या वर्तुळात शिरला तर तेही अंगावर येतील. म्हणून त्याला आधीच जखडावे वा पाठीवर वार करावा. भीती ही भावना राहत नाही, गैरसोय ठरते. मीही पाठीवर वार केले. रुमालांची संख्या पूर्ण करावयाची होती आणि एका मेलेल्यापाशी तो सापडला नाही म्हणून मी चिडलो, ही गोष्ट येथे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

काही मिनिटांत तोच माणूस त्याच झोपडीपाशी पुन्हा उभा राहतो. येथे रक्तबीजाची आठवण होणे साहजिक आहे. परंतु देवीमाहात्म्यातील रक्तबीज आणि मॉब यांत मूलगामी फरक आहे. रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबागणिक संकट वाढते; पहिल्या घावाने जे केले ते दुसऱ्या घावाला भोवते आणि कालीने रक्त प्राशन करेपर्यंत कथेला विसावा नाही. मॉबच्या परत येण्याने काहीच वाढत नाही. कोकणातील दशावतारात संकासूर आज एका गावात मरतो आणि उद्या दुसऱ्या गावात पुन्हा अवतरतो, ही तुलना अधिक जवळची वाटेल. तरीही प्रत्येक रात्रीचा संकासूर त्या रात्रीपुरता एकच असतो आणि मरण्यापूर्वी तो बोलतो, हसवितो, पोरांचा लाडका होतो. डेफियासच्या माणसाला एवढाही अवकाश नाही. प्रॉपच्या तक्त्यात तो बसत नाही याचे कारण मला येथे सापडले. खलपात्र म्हणून त्याचा विचार करणेच चुकीचे होते. तो शेतातल्या पिकासारखा आहे. खेळाडू आपल्या या कामाला ‘फार्मिंग’ म्हणतात ते शब्दशः खरे आहे.

आणि जेथे पीक आहे तेथे शेतमजूर येणारच. या खेळातील सोने खऱ्या पैशाला विकण्यासाठी चीनमध्ये पगारी खेळाडू नेमणारी कारखानेवजा केंद्रे निघाली होती. ज्युलियन डिबेल यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये त्यांचे वर्णन केले. नानजिंगमधील एक तरुण कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत तेच ते मॉब मारीत असे आणि त्याची कमाई ताशी सुमारे ३० सेंट पडे. ज्या खेळात मजुरी बुडालेल्या कारागिरांना मारणे हा नवख्याचा पहिला धडा आहे, त्याच खेळात मॉब मारणे हे कवडीमोल मजुरीचे काम झाले. हा उपरोध कोणा लेखकाने योजिलेला नाही.

रचनाकारांना मात्र आपल्या या कथेचे ओझे जाणवले असावे. २०१० च्या ‘कॅटाक्लिझम’ या विस्तारात वेस्टफॉलची फेररचना झाली. तेथे आता बेघर, भुकेले लोक रस्त्याकडेला दिसू लागले. आणि मारल्या गेलेल्या व्हॅनक्लीफची मुलगी व्हॅनेसा, इतकी वर्षे दुसऱ्या नावाने वावरून, सूड घेण्यासाठी उभी राहिली. आपल्या बापाला मारले गेले तेव्हा आपण लहान होतो हे तिला आठवते. मॉबचे मरण कोणीतरी लक्षात ठेवले आहे ही कल्पना या साऱ्या प्रकारात दुर्मीळ, आणि माझ्या मते या खेळातील सर्वांत धाडसी. तिच्या आठवणीत बाप एकदाच मेलेला आहे. त्याला मारणाऱ्या खेळाडूंनी तो किती वेळा मारला याची गणती नाही. कथेतील मरण आणि यंत्रणेतील मरण येथे प्रथमच समोरासमोर येतात. अर्थात व्हॅनेसालाही खेळाडू मारतात आणि तीही परत येते.

जुन्या खेळाडूंच्या आग्रहावरून २००४ ते २००६ मधील मूळ खेळ ‘क्लासिक’ या नावाने ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा खुला करण्यात आला. मी खेळलो तो हाच. त्यात व्हॅनेसाचे हे बंड नाही. डेडमाइन्सच्या गुहेत, लपवून बांधलेल्या जहाजावर एडविन व्हॅनक्लीफ पुन्हा उभा आहे आणि खाली पाच जणांची तुकडी, हीलर सापडला की वर यावे म्हणून, थांबलेली आहे.