नोकरीच्या मुलाखतीतील अप्रस्तुत प्रश्न : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : मुलाखत, निवड समिती, अप्रस्तुत प्रश्न, खाजगीपणा, समान संधी, जात, लिंगभाव

प्रस्तावना

नोकरीसाठी घेतली जाणारी मुलाखत हा दोन पक्षांमधील संवाद मानला जातो. प्रत्यक्षात मात्र त्यातील एका पक्षाला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो आणि दुसऱ्याला उत्तर देण्याची गरज असते. या विषम नात्यामुळे एरवी ओसरीवर किंवा एस.टी.च्या प्रवासात सहज विचारला जाणारा प्रश्न मुलाखतीच्या टेबलावर वेगळाच अर्थ धारण करतो. 'लग्न झाले का?', 'मिस्टर काय करतात?', 'मूळ गाव कोणते?', 'पाहुणे कोण?' हे प्रश्न आपल्या ग्रामीण समाजजीवनात आपुलकीचे मानले जातात. तेच प्रश्न निवड समितीने विचारले की त्यांच्या उत्तरावर एखाद्याची भाकरी अवलंबून राहते.

निफाड तालुक्यातील तरुण आज द्राक्ष आणि कांद्याच्या शेतीवर पूर्णतः विसंबून राहू शकत नाही. ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, पतसंस्था, शाळा आणि महाविद्यालये येथे तो मुलाखतीस जातो. आपण प्राध्यापक त्याला विषय शिकवतो, प्रसंगी मुलाखतीचे तंत्रही शिकवतो. परंतु त्याला कोणते प्रश्न विचारले जाऊ नयेत, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्यापैकी अनेकजण विषयतज्ज्ञ म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूसही बसतात. म्हणूनच हा विषय केवळ विद्यार्थ्यांचा नसून आपल्या व्यवसायनीतीचाही आहे. प्रस्तुत लेखात या विषयावरील महत्त्वाचे न्यायनिर्णय व सामाजिक संशोधन यांची चिकित्सा केली आहे.

१. अर्जातील स्तंभ आणि स्त्रीचे शरीर

या संदर्भात सर्वाधिक उद्धृत होणारा निर्णय म्हणजे नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ. लेखी परीक्षा व मुलाखत उत्तीर्ण झालेल्या या उमेदवाराकडून १९८९ मध्ये एक घोषणापत्र भरून घेण्यात आले. मासिक पाळी नियमित व वेदनारहित असते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा गर्भधारणा झाली, गर्भपात झाला आहे का, अशी विचारणा त्यात होती. महामंडळाच्याच यादीवरील स्त्री डॉक्टरने त्यांना तपासून पात्र ठरविले होते. जानेवारी १९९० मध्ये त्यांची प्रसूती झाली आणि फेब्रुवारीत, परिविक्षा काळातच, त्यांना कामावरून कमी करण्यात आले. घोषणापत्रात गर्भारपणाची माहिती दडविली, असे महामंडळाचे म्हणणे होते. दिल्ली उच्च न्यायालयात त्यांना दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला आणि असे स्तंभ घोषणापत्रातून काढून टाकण्यास सांगितले.

या निर्णयाचे मोल मोठे आहे. दोष उमेदवाराच्या उत्तरात नसून प्रश्नात आहे, ही भूमिका न्यायालयाने घेतली. परंतु निर्णयामागील युक्तिवाद बारकाईने पाहिल्यास एक उणीव जाणवते. अशा गोष्टी उघड करणे स्त्रीच्या विनयाला व स्वाभिमानाला संकोचकारक आहे, यावर न्यायालयाचा मुख्य भर आहे. प्रश्न लाजिरवाणा आहे म्हणून तो गैर, असा त्याचा अर्थ होतो. मग जो प्रश्न लाजिरवाणा नाही पण तितकाच अन्यायकारक आहे, त्याचे काय? 'पुढच्या दोन वर्षांत कुटुंब वाढविण्याचा विचार आहे का?' हा प्रश्न सभ्य शब्दांत, हसतमुखाने विचारता येतो. त्यात विनयभंग नाही, परंतु समान संधीचा भंग निश्चित आहे. लज्जा हा निकष स्त्रीला संरक्षण देतो, अधिकार देत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय स्टेट बँकेची नवी मार्गदर्शक तत्त्वे चर्चेत आली. तीन महिन्यांहून अधिक काळाची गर्भवती उमेदवार तात्पुरती अपात्र समजावी, अशी तरतूद त्यांत होती. सार्वत्रिक टीकेनंतर बँकेने ती अमलात आणणे थांबविले. नीरा माथुर निर्णयानंतर तीस वर्षांनीही एका सार्वजनिक बँकेस अशी तरतूद करावीशी वाटली, याचे एक कारण त्या निर्णयाच्या अपुऱ्या निकषात शोधता येते.

२. मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निकष

अधिक भक्कम निकष मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निर्णयात सापडतो. एका सार्वजनिक महामंडळात हंगामी काम करणाऱ्या मजुरास एच.आय.व्ही. बाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारण्यात आले होते. उमेदवाराचे नाव गुप्त ठेवून चाललेल्या या खटल्यात न्यायालयाने केवळ संसर्गाच्या आधारे नोकरी नाकारणे घटनाबाह्य ठरविले. संबंधित व्यक्ती नेमून दिलेले काम करण्यास समर्थ आहे का आणि तिच्यामुळे कामाच्या ठिकाणी इतरांना खरोखर धोका आहे का, एवढेच पाहता येईल, असा त्याचा आशय आहे.

येथे संकोचाचा मुद्दा गौण ठरतो आणि कामाशी असलेला संबंध मुख्य होतो. हाच निकष मुलाखतीच्या प्रश्नांना लावता येतो. उत्तर काहीही आले तरी त्याचा पदाच्या कर्तव्याशी संबंध नसेल, तर तो प्रश्न अप्रस्तुत होय. उदाहरणार्थ, 'सासरची मंडळी रोज नाशिकहून ये-जा करू देतील का?' हा प्रश्न अप्रस्तुत आहे. 'सकाळी साडेसातच्या तासिकेस नियमित उपस्थित राहणे शक्य आहे का?' हा प्रश्न मात्र रास्त आहे, अट इतकीच की तो सर्व स्त्री-पुरुष उमेदवारांना समान रीतीने विचारला जावा.

३. 'कौटुंबिक पार्श्वभूमी' नावाचा पडदा

जातीविषयी थेट प्रश्न आता सहसा विचारला जात नाही. त्याची जागा आडवळणाच्या प्रश्नांनी घेतली आहे. या दृष्टीने २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झालेले काही शोधनिबंध महत्त्वाचे ठरतात. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून असे दाखविले की, गुणवत्तेचा आग्रह धरणारे हे अधिकारी उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीच्या प्रश्नाला मोठे महत्त्व देतात. अश्विनी देशपांडे व न्यूमन यांच्या अभ्यासातील दलित विद्यार्थ्यांना मुलाखतीत आरक्षणाविषयी मत विचारले गेल्याचे अनुभव आले होते. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी समान पात्रतेचे परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून, आडनावानुसार मिळणाऱ्या प्रतिसादात फरक पडतो, हे दाखविले.

हे संशोधन मुख्यतः खाजगी कंपन्यांच्या जगाशी संबंधित असल्याने ते जसेच्या तसे आपल्या तालुक्याला लागू करणे योग्य होणार नाही. आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. 'मामाचे गाव कोणते?', 'अमुक अमुक तुमचे कोण?', 'कोणाच्या ओळखीने आलात?' या प्रश्नांतून जात, पोटजात, सोयरीक आणि राजकीय गट अशा चारही गोष्टींचा थांग लागतो. त्यामागे पूर्वग्रह असेलच असे नाही, बहुधा सवयच असते. परंतु उत्तर एकदा ऐकले की ते न ऐकल्यासारखे करता येत नाही. राज्यघटनेचे अनुच्छेद १६ (२) सार्वजनिक सेवेत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास या आधारे भेदभाव करण्यास मनाई करते. नेमक्या याच गोष्टींविषयीचे प्रश्न 'ओळख करून घेणे' या नावाखाली मुलाखतीच्या प्रारंभी येतात, हा योगायोग म्हणता येणार नाही.

४. गुणांचे मोजमाप झाले, प्रश्नांचे राहिले

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधी अजय हासिया खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९८० रोजी दिला. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि त्यात आईवडील व राहण्याचे ठिकाण याविषयीच प्रश्न विचारले गेले, अशी तेथील तक्रार होती. मुलाखतीस एकूण गुणांच्या एक-तृतीयांश गुण ठेवणे न्यायालयाने अवाजवी ठरविले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करणे इष्ट असल्याचे म्हटले. पुढे १९८१ च्या लीला धर निर्णयात नोकरीची मुलाखत महाविद्यालयीन प्रवेशाहून वेगळी मानण्यात आली. तेव्हापासून चर्चा प्रामुख्याने मुलाखतीस किती टक्के गुण असावेत, याभोवतीच फिरत राहिली. काय विचारले जाते, हा प्रश्न मागे पडला. ध्वनिमुद्रणाची सूचनाही सार्वत्रिक प्रथा झाली नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' (अराजपत्रित) व गट 'क' पदांच्या मुलाखतीच रद्द केल्या. उच्च शिक्षणाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत साहाय्यक प्राध्यापकाच्या निवडीत मुलाखतीस २० टक्के भारांश होता. २०१८ च्या विनियमांत शैक्षणिक गुणांकन केवळ उमेदवारांची छाननी करण्यापुरते ठेवले गेले आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपविण्यात आली. म्हणजे विनियमांनी मुलाखतीचे वजन वाढविले, परंतु प्रश्नांची मर्यादा आखली नाही. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम केलेल्या नेट-सेट उत्तीर्ण उमेदवाराचे भवितव्य पंधरा-वीस मिनिटांवर ठरत असेल, तर त्यातील प्रत्येक प्रश्नाला जबाबदार कोण, हे विचारणे भाग आहे.

५. मौनाची जबाबदारी

अप्रस्तुत प्रश्नासमोर उमेदवारापुढे तीनच मार्ग उरतात. खरे उत्तर दिल्यास नुकसान संभवते, नकार दिल्यास उद्धट ठरण्याची भीती असते आणि खोटे उत्तर दिल्यास पुढे ते अंगाशी येऊ शकते. जर्मनीतील श्रमन्यायालयांनी गर्भारपणाविषयीच्या अनुज्ञेय नसलेल्या प्रश्नास दिलेले खोटे उत्तर बडतर्फीचे कारण होऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली आहे. आपल्याकडे नीरा माथुर निर्णयात त्याचे बीज आहे, परंतु ते अंकुरले नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा पीडित महिला नोकरीत असण्याची अट घालत नाही. त्यामुळे मुलाखतीस आलेल्या स्त्रीलाही त्याचा आधार घेता येतो. ही बाब किती निवड समित्यांना ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

तथापि सर्व भार कायद्यावर टाकता येणार नाही. महाविद्यालयीन निवड समितीत संस्थेच्या प्रतिनिधींबरोबर कुलगुरूंचे प्रतिनिधी व बाहेरील विषयतज्ज्ञ असतात, ते स्वतंत्र मत असावे म्हणूनच. 'बाळ लहान आहे, मग कसे जमणार?' असा प्रश्न अध्यक्षांनी विचारला असता विषयतज्ज्ञ पेल्यातील पाण्याकडे पाहत राहिला, तर ते मौन संमतीच ठरते. लहान संस्थेत माणूस पारखून घ्यावा लागतो, हा बचाव अगदीच निराधार नाही. परंतु पारख करावयाची ती अध्यापनाची, वक्तशीरपणाची, विद्यार्थ्यांविषयीच्या आस्थेची. नवऱ्याची नोकरी किंवा मामाचे गाव यांतून त्यांपैकी एकही गोष्ट कळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रश्नाची योग्यता सभ्यतेवरून नव्हे तर कामाशी असलेल्या संबंधावरून ठरविली पाहिजे. त्यासाठी फार खर्चिक उपायांची गरज नाही. मुख्य प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि ते सर्वांना समान विचारावेत. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करून ते जतन करावे. कौटुंबिक, जातीय व आरोग्यविषयक प्रश्न विचारले जाणार नाहीत, असे अध्यक्षांनी प्रारंभीच जाहीर करावे. महाविद्यालयांतील रोजगार मार्गदर्शन कक्षांनी विद्यार्थ्यांना उत्तरांबरोबर त्यांचे अधिकारही शिकवावेत.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये याच निफाडमध्ये झाला. सुधारणेची सुरुवात आपल्या घरापासून करणे किती कठीण असते, याचा अनुभव त्यांनीही घेतला होता. आपल्यासाठी ते घर म्हणजे आपल्याच महाविद्यालयातील निवड समितीची खोली होय. तेथे पुढचा उमेदवार आत येईल तेव्हा आपण काय विचारणार आणि दुसऱ्याने काय विचारले असता 'हा प्रश्न नको' असे म्हणणार, यावरच या चर्चेचे फलित अवलंबून आहे.