कोवळ्या उन्हातले घुबड

घुबडाच्या छायाचित्रांविषयी रसिकतेने लिहावे, आणि तेही ऐन दिवाळीत, हे काही वाचकांना अभद्र वाटेल. आपल्याकडे घुबड छपरावर बसले की वडीलधारी माणसे काळजीत पडतात. बंगालात तेच लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजेत मिरवते. पक्षी एकच, फरक नजरेचा. छायाचित्रकलेचा प्रश्नही शेवटी नजरेचाच असल्यामुळे घुबडाचे चित्र ही त्या कलेची मोठी कसोटी आहे, असे मला वाटते.

सर्वांत वाखाणले जाते ते चौकटभर चेहऱ्याचे चित्र: दोन वटारलेले डोळे, रोखलेले थेट आपल्यावर. मला हे चित्र अपुरे वाटते. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. नजर वळवायची तर त्याला सगळे डोके वळवावे लागते. तेव्हा ते आपल्याकडे रोखून पाहते याचा अर्थ बहुधा एवढाच, की माणसाची चाहूल लागून त्याने आपला उद्योग थांबवला आहे. कित्येकदा तर त्याच्याच जातीचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला पुढे आणलेले असते. अशा चित्राचा विषय घुबड नसून छायाचित्रकाराचे आगमन हा असतो.

दुसऱ्या टोकाला इंग्रज छायाचित्रकार एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१) उभा आहे. १९३७ साली वेल्समध्ये एका घुबडाने नखे मारल्याने त्याचा डावा डोळा गेला. तरी त्याने घुबडांचा नाद सोडला नाही. विजेच्या लखलखाटात टिपलेले, पंख उभारून चोचीत भक्ष्य धरलेले त्याचे गव्हाणी घुबड एखाद्या राजमुद्रेसारखे दिसते. कारागिरी म्हणून ते अजोड आहे. तथापि अशा चित्रात पक्ष्यामागे नुसता काळा पडदा उरतो. तो जिथे राहतो ते रान दिसत नाही.

सकाळचे ऊन या दोन्ही उणिवा भरून काढते. ते तिरपे येते म्हणून पिसांवरचा एकेक पट्टा उठून दिसतो. मऊ असते म्हणून सावल्या कठोर होत नाहीत. आणि पक्ष्याबरोबर त्याची फांदीही उजळते. या उन्हाचा खरा धनी आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा हा जातीने घुबड, पण दिवसा वावरणारा; सकाळी उघड्या शेंड्यावर ऊन खात बसणारा. १८७३ साली त्याचे वर्णन केले ॲलन ह्यूमने, ज्याने पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीने सापडला नाही. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो दिसला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. तेव्हा घेतलेल्या चित्रांचे मोल सौंदर्यात नाही, साक्षीत आहे.

ही साक्ष किती मोलाची, हे कळायला मधली लबाडी आठवावी. रिचर्ड माइनर्टझागेन या लष्करी अधिकाऱ्याने हा पक्षी आपण १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचे सांगितले होते. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता, हे पुढे उघड झाले. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला कोणतीही चिठ्ठी बांधता येते. छायाचित्रही खोटे बोलू शकते; पण रान, फांदी आणि प्रहर चौकटीत असले की खोटे बोलणे अवघड जाते.

म्हणून मला दूरवरून घेतलेले चित्र आवडते. पक्षी लहान दिसतो, डोळे अर्धे मिटलेले, आपल्याकडे त्याचे लक्षच नाही. त्या चित्राखाली एकच गोष्ट नसावी: ढोलीचा पत्ता. १९७२ च्या कायद्याने बंदी असूनही दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात, आणि छापलेला पत्ता रसिकाआधी पारध्याच्या कामी येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठे घुबड घुमलेच, तर मुलांना घरात ओढू नका. अंगणात नेऊन ऐकवा.