लुक्रेशियाची वाणी आणि शिळेवरची उक्ती

मार्कान्तोनिओ राइमोन्दीचे 'लुक्रेशिया' हे मुद्राचित्र (सुमारे १५१०–१२) राफाएलच्या रेखाटनावर आधारलेले आहे. ते पाहूनच राफाएलच्या मनात आपली रेखाटने मुद्राचित्रांद्वारे प्रसृत करण्याचा विचार आला, असे वासारी सांगतो. म्हणून मुद्राचित्राच्या इतिहासात त्याचे स्थान निर्विवाद आहे. मात्र त्याच्या शिल्पसदृश सौष्ठवाची प्रशंसा करताना त्यातील शब्दांकडे दुर्लक्ष होते.

लिव्हीच्या पहिल्या ग्रंथात लुक्रेशिया एकटी मरत नाही. सेक्स्टस टार्क्विनियसने बलात्कार केल्यावर ती पिता व पती यांना प्रत्येकी एका विश्वासू मित्रासह बोलावून घेते, घडलेले सांगते आणि सूडाचे वचन मागते. विटंबना देहाची झाली, मन निर्दोष आहे, हा भेद ती स्वतःच करते. आपल्या उदाहरणाआड अन्य कोणी दडू नये म्हणून ती मरण पत्करते. तिच्या साक्षीतूनच ब्रूटसची शपथ आणि इ. स. पू. ५०९ मधील राजसत्तेचा अंत घडतो.

चित्रात हे श्रोते नाहीत. दोन्ही बाहू पसरून, खंजीर अद्याप देहापासून दूर धरून ती उभी आहे. तिच्या वाणीऐवजी दगडावर एक ग्रीक उक्ती कोरलेली आहे. लाजिरवाण्या जगण्यापेक्षा मरण बरे, असा तिचा आशय. रोमन स्त्रीच्या कथेत ग्रीक सुभाषित यावे, यात मानवतावादी विद्वत्तेचा अभिमान दिसतो. परंतु अर्थदृष्ट्या हा बदल निरुपद्रवी नाही. लिव्हीच्या संहितेत लज्जास्पद कृत्य टार्क्विनियसचे आहे. उक्तीत लज्जा तिच्या जगण्याला चिकटते. अपराधी अदृश्य होतो आणि आरोप नीतिवचनात विरघळतो.

ती निष्कलंक असेल तर तिने मरावे का, हा ऑगस्टीनचा प्रश्न कठोर आहे. तरी तो तिच्या निर्दोषत्वाचा विचार करतो. उक्तीला त्याची गरजच उरत नाही. मराठीतील 'शील' या शब्दातही चारित्र्य आणि देहाचे पावित्र्य एकत्र नांदतात. त्यामुळे हा गोंधळ आपल्याला परका वाटू नये.

श्रोत्यांची रिकामी जागा आता प्रेक्षकाने घेतली आहे. त्याला सौंदर्य दिसते, साक्ष ऐकू येत नाही. ती साक्ष चित्राशेजारी पुन्हा ठेवणे, हे समीक्षेचे काम आहे.