पोटाची गोष्ट आणि पवित्र टेकडी

रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली पोटाची गोष्ट मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे रोमचे सामान्य नागरिक, शहर सोडून आनिओ नदीपलीकडच्या पवित्र टेकडीवर जाऊन बसले. पॅट्रिशियन उमरावांनी त्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिपाला पाठवले. त्याने गोष्ट सांगितली : हात, तोंड आणि दात यांनी ऐतखाऊ पोटाविरुद्ध संप केला आणि सारा देहच खंगला. प्लेबियनांना ते पटले.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ''सर, पोट कोण आणि हात कोण, हे कुणी ठरवलं?'' मला उत्तर देता आले नाही. वास्तविक देहाचे हे रूपक आपल्याला नवे नाही. पुरुषसूक्ताने मुखाशी ब्राह्मण आणि पायाशी शूद्र ठेवला. अस्पृश्याला तर त्या देहात पायाचीही जागा नव्हती.

म्हणून लिव्ही पुन्हा वाचला. गोष्टीच्या आधी त्यानेच एक म्हातारा सैनिक उभा केला आहे. तो लढाईवर असताना त्याचे पीक गेले, घर जळले, कर्ज वाढले. अखेर तो सावकाराच्या कैदेत पडला. छातीवर लढाईचे व्रण, पाठीवर फटक्यांचे वळ. गोष्टीनंतर येतो तो करार : प्लेबियनांचे स्वतःचे ट्रिब्यून, त्यांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, आणि त्या पदावर पॅट्रिशियन बसणार नाही. माणसे परतली ती या हमीवर, असे माझे मत आहे. घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहिणाऱ्या लिव्हीने श्रेय मात्र वक्तृत्वाला दिले. प्रस्थापितांच्या इतिहासात हक्क नेहमी कुणाच्या तरी शहाणपणातून मिळतात. मागणाऱ्यांच्या निर्धारातून नव्हे.

पुढचा इतिहास हेच सांगतो. इ. स. पू. ४५० च्या सुमारास द्वादश पट्टिकांच्या कायद्याने पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी घातली. इ. स. पू. ४४५ मध्ये ट्रिब्यून कॅन्युलियसने ती उठवायला लावली, तेव्हा उमरावांची ओरड होती, की रक्त बाटेल आणि शकुन बिघडतील! कॉन्सलपद इ. स. पू. ३६७ मध्ये खुले झाले; प्रमुख पुरोहितपदे ३०० मध्ये. प्लेबियन सभेचे ठराव साऱ्यांना बंधनकारक झाले ते २८७ मध्ये, आणि तेही पुन्हा एकदा शहर सोडल्यावर. पहिल्या टेकडीपासून २०७ वर्षे लागली.

प्लेबियन म्हणजे दलित नव्हेत. त्यांच्या हाती शस्त्र होते, रोमला त्यांची गरज होती. पण १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचाच दाखला दिला : राजकीय हक्क मिळाले तरी धर्माचा लगाम उमरावांच्याच हाती होता. तो धडा आपण विसरू नये.

आणखी एक धडा मला स्वतःला बोचतो. श्रीमंत प्लेबियन कालांतराने उमरावांशी सोयरीक करून नवा सरदारवर्ग बनले. गुलाम गुलामच राहिले. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. महिन्याच्या पगारावर घर चालते. वस्तीतल्या सभेत मीही अलीकडे 'जरा सबुरीने घ्या' असे सांगू लागलो आहे. त्या मुलाचा प्रश्न अग्रिपासाठी होता, असे मी इतके दिवस समजत होतो.