धोका की घोका? चौकोनी अक्षराची एक परीक्षा

अक्षरावर बोलायचे म्हटले की लोक पोथ्या काढतात, जावजी दादाजींच्या निर्णयसागरची पाने काढतात. काढावीतच. पण आज आपण दिघ्यात बसलो आहोत, तेव्हा आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे अक्षर घेतो. कंपनीचे गेट, टँकरची पाठ, वर्कशॉपचे शटर. इथले अक्षर जाड, चौकोनी, लोखंडी पट्टीतून कापून काढल्यासारखे.

संगणकावर या घराण्याचा एक नमुना म्हणजे ‘टेको’. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीसाठी मानुषी पारीख यांनी केलेला, 2014 पासून गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा. लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजने. कुणी मुद्दाम नाव विचारत नाही, पण क्रिकेट स्पर्धेच्या फ्लेक्सवर किंवा यूट्यूबच्या चौकटीवर या वळणाचे मथळे तुम्ही पाहिलेले असतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे अक्षर आपले नव्हे, साहेबाच्या लिपीवरून बेतलेले आहे. त्यात तथ्य थोडे आहे. पाउल रेनरचा ‘फ्युचुरा’ 1927 चा. वर्तुळ आणि सरळ रेघ यांतून अक्षर उभे करायचे, ही त्यामागची श्रद्धा. पुढे 1936 मध्ये जर्मनीने डीआयएन 1451 हे प्रमाण ठरवले, तेही पट्टी-कंपासाचेच. देवनागरी मात्र तिरप्या कापलेल्या बोरूतून आली, म्हणून तिच्यात जाड-बारीक आहे. कबूल. पण शिरोरेखा आणि काना या दोन सरळ रेघा आपल्याकडे आधीपासून आहेतच की! आणि संगणक येण्याआधी चपट्या ब्रशने शटर रंगवणारा पेंटर सगळ्या रेघा एका जाडीच्या करतच होता. त्याला कुणी परका म्हटले नाही. तेव्हा चौकोनीपणाबद्दल आमची तक्रार नाही. उलट ‘ट’, ‘ठ’, ‘प’ ही अक्षरे या बांध्यात छान उभी राहतात, दुरून दणकट दिसतात.

तक्रार दुसरीकडे आहे. न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. लक्षण असे हवे की ते त्या वस्तूला लागू पडेल आणि शेजारच्या वस्तूला पडणार नाही. आता ‘घ’ आणि ‘ध’ घ्या. ‘ध’चा व्यावर्तक धर्म कोणता? जाडी नव्हे, गोलाई नव्हे. डाव्या बाजूची ती बारीक गाठ आणि तिच्या डोक्यावर तुटलेली शिरोरेखा. म्हणजे शाई नव्हे, फट. ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ यांचेही असेच. अक्षराची ओळख या जोड्यांत मोकळ्या जागेवर टांगलेली आहे, आणि बोल्ड करणे म्हणजे नेमकी ती मोकळी जागा खाणे. रोमन लिपीला याची झळ कमी बसते, कारण तिच्या डोक्यावर सगळ्यांना बांधणारी रेघ नाही.

डिझायनर फट ठेवतो. पण बोल्डमध्ये ती इतकी काटकसरीची असते की पुढे कुणी चूक करायला जागाच उरत नाही. फ्लेक्सवाला अक्षर आडवे दाबतो, वर काळी किनार चढवतो. टाकीवर पत्र्याच्या साच्यातून रंग फवारला की तो कडेला पसरतो. फट बुजली. ‘धोका’चा ‘घोका’ झाला, ‘थांबा’चा ‘यांबा’. हसू येते खरे. सरावलेला वाचक संदर्भाने सावरून घेतो. आपण शब्द वाचतो, अक्षरे थोडीच वाचतो! पण एमआयडीसीत लांबून कामाला आलेला माणूस, ज्याची मातृभाषा मराठी नाही, किंवा ज्याने वाचायला उशिरा घेतले, तो अक्षर अक्षर लावूनच वाचतो. सूचना त्याच्यासाठी, आणि अडचणही त्यालाच. स्पर्धेच्या नावाला बोल्ड शोभते. रसायनाच्या टाकीवरच्या चार ओळींना ते शोभत नाही. तिथे टेकोचेच मीडियम घ्या ना! वजने पाच दिली आहेत, आपण एकच वापरतो.

पाटीच्या कायद्याचेही थोडे असेच झाले आहे. 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी आली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत अशी अट आली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. अट योग्यच आहे. पण देवनागरीची उंची मोजायची कुठून कुठे? ‘मूर्ती’ हा शब्द पाहा. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. या सगळ्यासकट शब्द रोमन कॅपिटलच्या उंचीत बसवला की मधले अंग आक्रसते. फूटपट्टीला दोन्ही सारखे, डोळ्याला मराठी लहान. मग दुकानदार ती भरपाई जाडीने करतो, पुन्हा बोल्ड, आणि पुन्हा फट गेली.

इथे जवळच, जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेले दिघा गाव स्थानक आहे. नावातच ‘घ’ आहे, म्हणून घरी जाताना एक प्रयोग करा. आजूबाजूच्या पाट्यांवर, टेम्पोंवर, फ्लेक्सवर ‘दिघा’ जिथे जिथे दिसेल तिथे तीस पावले मागे सरका आणि बघा, तो ‘घ’ आहे असे डोळा सांगतो की तुमचा पत्ता सांगतो.