छायाचित्रात न दिसणारे ओठ

हॅरॉल्ड गिलीज या शल्यविशारदाचे ‘प्लास्टिक सर्जरी ऑफ द फेस’ हे पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील सिडकप येथे केलेल्या शस्त्रक्रियांवर ते प्रामुख्याने आधारलेले आहे. येथे ‘प्लास्टिक’ म्हणजे आकार देणे. हा त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ होय.

पुस्तकाचे मोठेपण त्यातील कार्यकारणाच्या शिस्तीत आहे. ओठ उडालेली जखम नुसती ओढून शिवली, तर तोंड आक्रसते. म्हणून गिलीज शिल्लक भाग आधी मूळ जागी नेतात आणि मगच काय हरवले आहे ते मोजतात. बांधणी आतून बाहेर होते : प्रथम तोंडातील अस्तर, मग आधार, शेवटी त्वचा. अस्तर नसेल, तर आतला व्रण आकसतो आणि नवा ओठ आत ओढला जातो.

मर्यादा आहे ती पुराव्याची. यशाची साक्ष मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे देतात. परंतु ओठ म्हणजे केवळ त्वचेचा पडदा नव्हे. त्यात तोंडाभोवती फिरणारा स्नायू असतो. लाळ धरणे, घोट घेणे, प-फ-ब-भ-म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारणे ही कामे त्याच्यामुळे होतात. दुसरीकडून आणलेली त्वचा आकाराने बेतशीर असली, तरी आपणहून मिटत नाही. स्थिर छायाचित्रात हा फरक दिसणार कसा?

न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲबी यांनी १८९८ मध्येच खालच्या ओठाचा तुकडा, रक्तवाहिनीचा देठ राखून, वरच्या ओठात बसवला होता. म्हणजे ओठाच्या जागी ओठच. पुढे १९७४ मध्ये कारापांजिच यांनी मज्जातंतू व रक्तवाहिन्या जपून उरलेला ओठ सरकवण्याची पद्धत मांडली. तिच्यात तोंड लहान होते, पण ओठांची हालचाल व संवेदना टिकते. दिसणे आणि चालणे यांत अशी देवघेव करावी लागते. छायाचित्र तिची एकच बाजू सांगते.

पुस्तक वाचनीय आहेच. वर्गात त्याविषयी सांगताना मात्र विद्यार्थ्यांना आधी ओठ न मिटता ‘मामा’ म्हणायला सांगावे. मग चित्रे दाखवून विचारावे : हा सैनिक पुन्हा चहा पिऊ शकला का, हे ठरवायला आणखी कोणती नोंद हवी होती?