मोळीमागचे घर

मराठी साहित्यात कुटुंबावर आलेल्या संकटाचे एक ठरलेले रूप आहे. घर बरे चाललेले असते. मग कर्ज, दुखणे, पूर, दुष्काळ यांपैकी काहीतरी अवचित कोसळते. घरातली बाई देवावरची श्रद्धा सोडत नाही, मुलांना चांगले वळण लावते, आणि शेवटी घर मोडले तरी माणसे उजळून निघतात. असे लिखाण वाचून डोळ्यांत पाणी येते. शाळा-महाविद्यालयांतून ते शिकवले जाते, आणि शिकवणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे. त्याची किंमत कमी करावी असा येथे हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. आपत्ती 'अवचित' येते ती कोणाच्या घरी? ज्याच्या घरी काल भाकरी होती त्याच्या घरी आज ती नसली तर तिला आपत्ती म्हणतात. ज्या घरी ती काल नव्हती, परवाही नव्हती, त्या घरच्या आजच्या उपासाला साहित्याने काय नाव दिले? आणि त्या घरच्या श्रद्धेचे काय झाले?

हा प्रश्न तपासायला दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एक साने गुरुजींचे 'श्यामची आई', १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले. दुसरे बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं', १९८६ साली पुस्तकरूपाने आलेले. दोन्ही पुस्तकांच्या मध्यभागी घर आहे, आई आहे, दारिद्र्य आहे आणि देव आहे. तरी दोन्ही घरांमध्ये जे अंतर आहे ते एका मोळीने मोजता येते.

'श्यामची आई'त एक म्हातारी महार बाई येते. तिच्या डोक्यावरची लाकडांची मोळी पडलेली आहे आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई मुलाला सांगते की जा, तिला मोळी उचलू लाग, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती हे मान्य केलेच पाहिजे. कोकणातल्या ब्राह्मण आळीत असे करायला धैर्य लागत होते. शिवाय हे लिहिणाऱ्या माणसाने पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. साने गुरुजींची करुणा खोटी नव्हती. पण आंघोळ राहिलीच. आईची श्रद्धा मुलाचा हात म्हातारीपर्यंत पोचवते आणि लगेच तो हात धुऊनही घेते. पुढे मोळी डोक्यावर घेऊन म्हातारी पुस्तकातून निघून जाते. ती कोणत्या घरी परतली, त्या घरी चूल पेटली की नाही, तिच्या देव्हाऱ्यात कोण होते, हे आपल्याला कळत नाही. पुस्तकाला ते माहीत असण्याचे कारणच नव्हते.

'जिणं आमुचं' हे त्या मोळीमागच्या घराचे पुस्तक आहे. येथेही लाकडाची मोळी आहे. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या महार बाया रानातून लाकडे तोडून आणतात आणि ब्राह्मण आळीत विकतात. विकत घेणारी बाई त्यांना बजावते की फाट्यांत तुमचा केस, लुगड्याचा धागा अडकला असेल तर तो काढून टाका, नाहीतर आमचे घर बाटेल. बाई लाकूड न् लाकूड तपासून देते. जे लाकूड तिच्या हाताने तोडले, तिच्या डोक्यावरून आले, ते चुलीत चालते. तिचा केस चालत नाही. साने गुरुजींनी ही मोळी रस्त्यावरून पाहिली, बेबीताईंनी ती मोळीखालच्या मानेवरून पाहिली. टीकाकारांनी पुष्कळ दिवस पहिल्या दृष्टीला 'मूल्य' आणि दुसरीला 'अनुभव' म्हटले. ही विभागणी मान्य करता येत नाही. बेबीताईंची दृष्टीही मूल्यांचीच आहे. कोणाच्या पावित्र्याचा खर्च कोण सोसतो, हे ती दाखवते.

श्रद्धेच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. श्यामच्या घरी कर्जापायी जप्ती येते, अब्रू जाते, पण देव जात नाही. तेथे श्रद्धा हा संकटातला आधार आहे. बेबीताईंच्या महारवाड्यात श्रद्धा हाच संकटाचा एक भाग आहे. निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढणाऱ्या घरांना देवीला रेडा द्यावा लागतो. बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही, पण देवाचे देणे फिटलेच पाहिजे. थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला वाहिला जातो, म्हणजे ज्या हातांनी घराला उद्या कमवून घालायचे ते हात घर आजच देऊन टाकते. गावाने लादलेली गुलामी आणि देवाने लादलेले देणे ही दोन कर्जे एकाच घरातून वसूल होतात.

मात्र बेबीताई येथे थांबत नाहीत, आणि म्हणूनच हे पुस्तक प्रचाराच्या पुस्तिकेहून मोठे झाले. त्यांनी आषाढाचे वर्णन केले आहे. त्या महिन्यात महारवाडा झाडला जातो, घरे सारवली जातात, वर्षभर पाण्याला मोताद झालेल्या बाया न्हातात. बाईच्या अंगात येते, आणि एरवी तिला लाथेने तुडवणारा नवरा तिच्यापुढे हात जोडून उभा राहतो. ज्या समाजात कोवळ्या सुनांच्या पायात लाकडाचा खोडा घालत, हेही याच पुस्तकात नोंदलेले आहे, त्या समाजात बाईला काही घटकांचा मान मिळण्याची ही एकच जागा होती. आपल्यापैकी शिकलेली माणसे अंगात येण्याला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. बेबीताईही त्याला अंधश्रद्धाच म्हणतात. पण त्या अंधश्रद्धेत बाईची कोणती भूक दडलेली होती, हे त्या विसरत नाहीत. ज्या बाईने नवऱ्यापासून लपवून लिहिले तिला ती भूक दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ही भूक बाबासाहेबांच्या घरातही होती. रमाबाईंच्या पाच मुलांपैकी चार मुले गेली. पती परदेशी शिकत असताना त्यांनी ओढलेला संसार सर्वांना माहीत आहे. त्यांची पंढरपूरला जाण्याची इच्छा होती. जेथे आपल्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तेथे जायचे नाही, आपण आपले दुसरे पंढरपूर उभे करू, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उत्तर चरित्रकारांनी नोंदले आहे. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. या दोन तारखांमध्ये कार्यकारण जोडण्याचा हट्ट आपण करू नये. येवल्यामागे महाड आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा लढा होता. पण एवढे म्हणता येईल की दुःखाने भरलेल्या घरातल्या बाईला देव हवा होता आणि तिला देण्याजोगा स्वाभिमानाचा देव या देशात नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडले ते या उणिवेचेही उत्तर होते. बावीस प्रतिज्ञांनी जुने देव काढले. त्यांच्या जागी नवा नवस दिला नाही. शील, प्रज्ञा आणि करुणा दिली. मागण्याची श्रद्धा गेली आणि वागण्याची श्रद्धा आली.

येथून पुढचा प्रश्न आपल्या साहित्याला विचारायचा आहे, आणि तो मी ज्या भागात शिकवतो त्या समुद्रपूर तालुक्यावरून विचारतो. वर्धा जिल्ह्यातला हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. नागपूरहून चंद्रपूरला जाणारा रस्ता याच तालुक्यातल्या जामवरून जातो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेली माणसे दरवर्षी येथून जातात. या भागाने गेल्या काही वर्षांत एकामागून एक वाईट हंगाम पाहिले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी पोखरली. जे बीटी बियाणे अळीला पुरून उरेल म्हणून विकले होते तेच अळीपुढे हरले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. २०२२ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २०२३ साली विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला.

या प्रत्येक वेळी पंचनामे झाले. शेतीच्या नुकसानीची भरपाई हेक्टरी मिळते आणि ती सातबाऱ्यावरच्या नावाने मिळते. बोंड किडले की मालकाचा कापूस जातो, हे कागदावर येते. पण किलोवर वेचणी करणाऱ्या बाईची त्या हंगामातली मजुरीही त्याच बोंडात होती. ती कोणत्या पंचनाम्यात येते? दुसऱ्याचे वावर ठेक्याने किंवा बटईने करणाऱ्याचे पीक बुडाले तर त्याचे नाव कोणत्या रकान्यात? आपल्या वस्त्यांतली बहुसंख्य घरे या दोन प्रकारांतली आहेत. म्हणजे जो हिशेब प्रस्थापित साहित्याने केला तोच सरकारी कागदाने केला. ज्याच्या नावावर काही होते त्याचेच काही बुडाले. बाकीच्यांची आपत्ती, आपत्ती म्हणून मोजलीच गेली नाही.

अशा हंगामात घरात काय होते, ते येथे राहणाऱ्याला दिसते. बचत गटाचा हप्ता थांबत नाही. पोराची फी थांबत नाही. नवरा-बायकोतले बोलणे भांडणापुरते उरते. आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी असलेल्या घरातली बाई कोणाला न सांगता अंगारा आणते, कुठे गुरुवार धरते, कुठे नवस बोलते. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तेथे सर्व जातिधर्मांची माणसे शतकानुशतके जात आली आहेत, त्यांत आपलीही आहेत. जात न विचारता जवळ करणाऱ्या अशा जागांविषयी मनात आदर असला पाहिजे. पण आपली बाई तेथे आनंदाने जाते की तिला दुसरे कोठे जाता येत नाही म्हणून जाते, हे विचारायला हवे. आपले कार्यकर्ते तिला प्रतिज्ञा आठवून देतात. त्यांचे चुकत नाही, पण ते पुरेसेही नाही. प्रतिज्ञा मोडली म्हणून तिला बोल लावणारे, हंगाम बुडाला त्या आठवड्यात तिच्या दारी गेले होते काय?

माझ्या वर्गात ही दोन्ही पुस्तके वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले होते की, सर, दीक्षेनंतरच्या घराचे पुस्तक कोणते? प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला वेळ लागला. आपली बहुतेक आत्मकथने दीक्षेपर्यंत चढत जातात, किंवा शिक्षण आणि नोकरी घेऊन शहरात उतरतात. जुन्या नरकाचे वर्णन करताना आपले लेखक बेडर आहेत. नव्या घरातल्या पडझडीचे वर्णन करताना ते संकोचतात, कारण चळवळीची नाचक्की होईल असे भय वाटते. ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) हा मोठा अपवाद आहे. वेळूची आयदाने विणून संसार ओढणारी आई, पुढे शिकलेल्या बौद्ध बाईचा स्वतःचा संसार, त्यातला नवऱ्याचा पुरुषीपणा आणि मुलाचा मृत्यू, हे सारे त्यांनी झाकपाक न करता लिहिले. त्याने चळवळ लहान झाली नाही. पण 'आयदान' कोकणातून मुंबईला गेलेल्या घराचे आहे. गावातच राहिलेल्या, मजुरीवर जगणाऱ्या, बौद्ध झालेल्या आणि दर तिसऱ्या हंगामाला कोसळणाऱ्या विदर्भातल्या घराचे पुस्तक आपल्याकडे किती आहे, याचा हिशेब लेखकांनीच मांडावा.

ते लिहिताना दोन मोह टाळावे लागतील. एक 'श्यामची आई'चा मोह, म्हणजे दारिद्र्याने माणसे पवित्र होतात असे दाखवण्याचा. उपासाने माणसे पवित्र होत नाहीत, अशक्त होतात. दुसरा आपला स्वतःचा मोह, म्हणजे धम्म स्वीकारला तेव्हाच सारे सुटले असे दाखवण्याचा. बौद्ध परंपरेत किसा गोतमीची कथा आहे. तिचे मूल मेले आणि ते जिवंत करा म्हणून ती बुद्धाकडे आली. बुद्धाने चमत्कार केला नाही, पण तिला हाकलूनही दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे सांगून त्याने तिला दारोदार पाठवले. या कथेचे तात्पर्य मरण अटळ आहे असे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण तिचा दुसराही अर्थ आहे. गोतमी एकेका दारात उभी राहिली तेव्हा प्रत्येक घराने तिला आपले दुःख सांगितले. तिचे दुःख एकटीचे राहिले नाही. नवसाला पर्याय द्यायचा तर तो असा आहे: दारोदार जाणे, विचारणे, ऐकणे, आणि एकमेकांच्या हंगामाची नोंद ठेवणे. विहारात वंदना होते तेथेच कोणाची वेचणी बुडाली, कोणाचा हप्ता थकला, याचे वही-पेन्सिल घेऊन टिपण झाले तर तीही धम्माचीच साधना होईल. आणि पंचनाम्यात मजुराचा रकाना मागायला तहसिलीवर जायचे तर तेच टिपण हातात असेल.

लेखकाचे कामही याहून निराळे नाही. बेबीताईंनी मोळीमागचे घर दाखवले तेव्हा मराठी वाचकाला पहिल्यांदा कळले की ती म्हातारी कोठे परतत होती. आज त्या म्हातारीची नात वेचणीचे गाठोडे डोक्यावर घेऊन परतते आहे. तिच्या घरी तसबीर आहे, प्रतिज्ञा पाठ आहेत, आणि तीन महिन्यांची मजुरी बुडालेली आहे. तिच्याविषयी तिच्याच भाषेत, दया न दाखवता आणि उपदेशही न करता जो लिहील त्याची आपल्या साहित्याला गरज आहे. ती स्वतः लिहील तर अधिक चांगले. आपल्या महाविद्यालयांत ती येऊन बसलेलीच आहे. तिला निबंधासाठी 'माझी आई' हा विषय देताना कोणत्या आईचा नमुना तिच्यापुढे ठेवायचा, हे मात्र आम्हा शिक्षकांना ठरवावे लागेल.